विहीणबाईंचा खोकला

पिंकीला ताप आला आणि खापर फुटलं माझ्या डुकराच्या मटणावर.

पिंकी म्हणजे माझी सून, केनीची बायको. तिचं माहेर विरारचं, हिंदू. आम्ही वसईचे कॅथलिक. पोरांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरांनी आधी तोंडं वाकडी केली आणि मग मुकाट्याने मांडव घातला. आता पिंकीला सातवा महिना लागला होता. ओटी भरायला म्हणून तिची आई, वसुंधराबाई, आमच्याकडे आल्या आणि लेकीला सोडून जाववेना म्हणून राहिल्या. आल्या त्याच मुळी खोकत. "गाडीतल्या एसीने घसा धरलाय," म्हणाल्या. मी आल्याचा काढा करून दिला. त्यांनी दोन घोट घेतले आणि पेला खिडकीत ठेवून दिला. माझ्या हातचं त्यांच्या घशाखाली सहज उतरत नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

त्यात मारिया मातेचा सण आला. सणाला आमच्या घरी डुकराचं मटण शिजतं, आणि पिंकीने ते मागून घेऊन खाल्लं. विहीणबाईंनी लेकीच्या ताटाकडे असं बघितलं, जसं काही मी विष वाढलं होतं. आणि दोनच दिवसांत पोर तापाने फणफणली. अंग ठणकत होतं, खोकल्याची ढास थांबत नव्हती, चार पावलं चालली तरी धाप लागत होती.

बाळंतपणासाठी पिंकीचं नाव ज्यांच्याकडे घातलं होतं त्या डॉक्टर एमिलींकडे आम्ही सगळेच गेलो. केनीने रिक्षा हाका मारून थांबवली आणि आम्हा दोघी विहिणींना एकमेकींशेजारी बसवलं, हा त्याचा मूर्खपणा. डॉक्टरांनी पिंकीला तपासलं, बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघितला आणि म्हणाल्या, "सध्या स्वाइन फ्लूचे पेशंट येतायत. मला शंका आहे. स्वॅब घेऊया."

"बघा!" वसुंधराबाई खुर्चीतून उठल्याच. "स्वाइन म्हणजे डुक्करच ना? मी त्याच दिवशी म्हटलं होतं, या दिवसांत असलं काही पोटात जायला नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण समोर पिंकी भिंतीला टेकून बसली होती, तिचे ओठ सुकले होते. मी तोंड बंद ठेवलं. ते मला फार क्वचित जमतं.

नर्सने पिंकीच्या नाकात लांब काडी घातली, इतकी आत की पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग घशातूनही एक काडी फिरवली. दोन्ही काड्या गुलाबी पाण्याच्या नळीत बुडवून बर्फाच्या डब्यात ठेवल्या. नमुना मुंबईला जाणार होता आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता.

"क्लिनिकमध्ये लगेच कळणारी टेस्ट नसते का?" केनीने विचारलं.

"असते. पण तिचा निगेटिव्ह मी धरत नाही. आजार असूनही ती कधी कधी नाही म्हणते. आणि हे बघा, गोळ्या आजपासूनच सुरू करायच्या. सकाळ-संध्याकाळ. रिपोर्टसाठी थांबायचं नाही. सुरुवातीलाच दिल्या तर जास्त उपयोग होतो, आणि गरोदरपणात हा फ्लू छातीत उतरला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो."

घरी आलो. मी पिंकीला मऊ भात भरवला आणि गोळीसाठी हात पुढे केला, तर पाकीट वसुंधराबाईंच्या मुठीत.

"उद्या रिपोर्ट येऊ दे," त्या म्हणाल्या. "साधा ताप निघाला तर? उगाच एवढं कडक औषध पोटातल्या जिवाला कशाला?"

"डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"डॉक्टर सांगतात. बाळाला काही झालं तर त्या येणारेत का भरून द्यायला? जबाबदारी तुम्ही घेता?"

खरं सांगते, त्या क्षणी मीही घाबरले. हो म्हणायचं आणि उद्या काही वेडंवाकडं झालं, तर ही बाई जन्मभर मला बोलणार आणि मी जन्मभर ऐकून घेणार. केनीकडे बघितलं, तर तो कधी सासूकडे बघतोय, कधी माझ्याकडे. त्याच्याकडून काही होणार नव्हतं. पिंकीला परत ढास लागली, आणि ती संपेपर्यंत तिने दोन्ही हातांनी पोट धरून ठेवलं. ते मला बघवलं नाही.

"घेते मी जबाबदारी," मी म्हटलं आणि विहीणबाईंची मूठ उघडून पाकीट काढून घेतलं. उघडून म्हणजे अक्षरशः एकेक बोट सोडवून. शाळेत शिकवताना वर्गात पोरांच्या हातातून गोट्या काढून घ्यायची सवय होती, ती कामाला आली.

पिंकीने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्यापुढे तोंड उघडलं. "द्या, मम्मी."

त्यानंतर विहीणबाई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मी पिंकीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि मनात माळ जपत होते. बाळाने लाथ मारली की पिंकी मला खूण करायची. मधे बराच वेळ तिने खूण केली नाही, तेव्हा मी देवाला नको नको ते बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंकीला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. "मम्मी, भूक लागली," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात पळाले. अंडं उकडत असतानाच केनीचा फोन वाजला. रिपोर्ट आला होता. स्वाइन फ्लू, पॉझिटिव्ह.

 "मटणच नडलं," वसुंधराबाई एवढंच म्हणाल्या.

केनीने डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. डॉक्टर म्हणाल्या, "ताप उतरला ना? मग घाबरू नका. गोळ्या वेळेत सुरू झाल्या हे फार बरं झालं. कोर्स पूर्ण करा. संध्याकाळी घेऊन या, बाळाचे ठोके बघते."

"डॉक्टर, हे डुकराच्या मटणाने झालं का?" मी मोठ्याने विचारलं. सोडते की काय!

"छे हो. नाव तसं आहे, पण हा माणसाकडून माणसाला होतो. खोकल्यातून, शिंकेतून. घरात तिच्या आधी कुणी खोकत होतं का?"

 नेमका तेव्हाच वसुंधराबाईंना खोकला आला. त्यांनी पदर तोंडात कोंबला, मान लाल झाली, तरी तो थांबेना. केनी छताकडे बघायला लागला.

"कोण खोकतंय?" डॉक्टरांनी विचारलं. "वय काय? शुगर आहे? मग त्यांनाही आणा. मास्क लावून."

संध्याकाळी बाळाचे ठोके ऐकले. धडधड, धडधड, सगळ्या खोलीत घुमत होते. पिंकी हसली, केनी रडला आणि मी देवाची माफी मागितली. बाहेरच्या बाकावर विहीणबाईंच्या नाकात काडी गेली होती. त्यांनाही गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा रिपोर्ट आला, तोही पॉझिटिव्ह.

आता त्यांना विरारला पाठवायची सोय नव्हती. मागच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं आणि पेज घेऊन मी दाराशी गेले. काय बोलायचं ते मी चुलीपाशीच घोळवून ठेवलं होतं. मटणापासून सुरुवात करणार होते.

त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. "मीच आणला ना?" माझ्याकडे न वळता त्यांनी विचारलं. "ओटी भरायला आले आणि पोरीला हे देऊन बसले."

मटणाचा विषय मी तिथेच सोडला.

"रिपोर्टात तेवढं लिहून येत नाही," मी म्हटलं. "आजार आहे की नाही, एवढंच ते सांगतात. कुणी कुणाला दिला हे कोण सांगणार? मी चर्चमध्ये मिस्साला किती जणांचे हात हातात घेतले. केनी रोज ऑफिसला जातो. तुम्हालाही कुणीतरी दिलाच असेल ना?"

 त्या वळल्या. "माझ्या घरी असती ना पिंकी, तर मी रिपोर्टची वाट बघत बसले असते. ती मूठ मी उघडली नसती, व्हेरोनिका."

त्यांनी मला नावाने पहिल्यांदाच हाक मारली. 

"मीही घाबरलेच होते गं," मी म्हटलं. "पेज गार होतेय. खा आधी."

मी वाटी दारात ठेवली. त्यांनी ती पुढे ओढून घेतली आणि चमचा न लावता तोंडाला लावली. मग मी वाडीत केळींच्या आडोशाला गेले आणि मनसोक्त रडून घेतलं. इतके दिवस रडायला फुरसत कुठे होती?