गोठू नये इतकं गार

बेटावर वीज आली त्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या धाकट्या भावाचं, फोतीचं, इन्सुलिन आम्ही अंगणातल्या टाक्यात ठेवत होतो. आमच्या या निसिरोस बेटावर झरा नाही. पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यात साठवायचं आणि त्यावर वर्ष काढायचं. आई औषधाची बाटली टोपलीत घालून दोरीनं पाण्याशी सोडायची. पण ऑगस्टात, भर उन्हाळ्यात, पाणी तळाला जाई, कोमट होई. आदल्या ऑगस्टात औषध तसंच बिघडलं. फोती बेशुद्ध पडला आणि वाऱ्यामुळे डॉक्टरांकडे न्यायला बोट सुटेना. कसाबसा वाचला.

म्हणून फ्रिज घ्यायचं ठरलं. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, "उन्हानं जसं वाया जातं, तसंच गोठलं तरी जातं."

बंदरावर अर्गिरीच्या दुकानात दोन फ्रिज होते. बुटक्याला एकच दार, बर्फाचा कप्पा आतच. उंचाला दोन दारं. बर्फाचा कप्पा वर, अगदी वेगळा. बाबांनी बुटक्याच्या डोक्यावर थाप मारली.

"हा बघ. मोरीच्या ओट्याखाली नेमका बसेल."

आईनं पिशवीतून पाणी भरलेल्या छोट्या बाटल्या काढल्या. "अर्गिरीभाऊ, दोन्हींच्या सगळ्या फळ्यांवर ठेवते हं. मागे, पुढे, सगळीकडे."

"वहिनी, लोक फ्रिज नुसता बघून घेतात. तुम्ही आत बिऱ्हाड करणार की काय?"

"बिऱ्हाड नाही. बसते फक्त."

आणि ती खरंच बसली, शेंगा सोलत. दुपारी दुकान बंद करायची वेळ झाली तरी उठेना.

"अहो, बायको विचारेल, दुकानात कोणाला कोंडून आलात?"

"सांगा, फ्रिजची सासू आलीय."

अर्गिरी हसत जेवायला गेला. बाबा दारात विड्या ओढत राहिले. मी आईच्या पायाशी त्या दोन पांढऱ्या कपाटांकडे बघत बसले. ती दोन्ही कपाटं हळू आवाजात गुरगुरत होती, आत काहीतरी जिवंत असल्यासारखी.

अर्गिरी परतल्यावर आईनं बुटक्याचं दार उघडलं. आत दिवा लागला आणि माझ्या अनवाणी पायांवर गार हवा सांडली. भर ऑगस्टात! मी पाय मागेही घेतले नाहीत. आईनं मागच्या कोपऱ्यातली बाटली आडवी केली. पाणी हललं नाही.

ती तिनं माझ्या हातात दिली. मी पाण्याला असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. हात पोळल्यासारखा झाला, तरी सोडवेना.

उंचाच्या खालच्या दारामागच्या बाटल्या तिनं एकेक करून आडव्या केल्या. सगळ्या गार, आणि सगळ्यांतलं पाणी वाहतं.

"हाच," आई म्हणाली.

"अगं, पण ठेवणार कुठे?" बाबा म्हणाले. "दारासमोरचा तो कोपरा सोडला तर जागा नाही. आणि तिथे तुझ्या आजीच्या थाळ्या."

त्या भिंतीवरच्या थाळ्या, जहाजांची चित्रं असलेल्या, आईला लग्नात मिळाल्या होत्या. घरात येणारा प्रत्येकजण आधी त्या बघायचा.

"थाळ्या पलंगाखाली राहतील," आई म्हणाली. "पोराला कुठे ठेवू?"

बाबांनी विडी पायाखाली चिरडली आणि हमालांना हाक मारली.

संध्याकाळी त्या कोपऱ्यात, थाळ्यांच्या फिकट गोल डागांपुढे, फ्रिज उभा राहिला. अर्धा गाव बघायला आला. शेजारच्या मारिगोकाकींनी आतल्या दिव्याकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली, मग चपला काढून पाय दारासमोर धरले.

"स्वर्गात अशीच हवा असणार गं!"

"काकी, स्वर्ग सगळा बाहेर चाललाय. दार लावा!" बाबा ओरडले.

लोक गेल्यावर आईनं औषधाची बाटली मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला ठेवली. टाक्याची दोरी मात्र तिनं खुंटीवरच राहू दिली.

सकाळी ती उठायच्या आधीच आम्ही तिघं फ्रिजपुढे उभे होतो. तिनं बाटली काढली. काचेवर धुकं होतं, त्यात तिच्या बोटांचे ठसे उमटले. खिडकीशी जाऊन तिनं ती आडवी केली.

आतलं औषध सावकाश एका बाजूला सरकलं. तिनं ती दुसऱ्या बाजूला कलंडवली. पुन्हा सरकलं.

"वाहतंय," आई म्हणाली. मग खुंटीवरची दोरी काढून तिनं बाबांच्या हातात दिली. "घ्या, बकरी बांधायला. फोती, बाही वर कर."