केवळावैनीच्या देवघरातली मोहर

या मायबाप, जवळ सरका. मागच्यांनी पुढं या, सतरंजी मोकळी आहे. टाळ घटकाभर खाली ठेवा. बुवा यायला अवकाश आहे, तोवर एका दगडाची गोष्ट सांगतो. ऐकून झाली की तुमच्याकडं एक मागणंही आहे.

आमच्या केवळावैनीच्या देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, मुठीत मावेल एवढा हिरवट दगड असायचा. वर वेटोळं घालून बसलेलं जनावर, खाली चौकोनात कोरीव रेघा. आम्ही त्याला नागोबा म्हणायचो. नागाला पाय कसे, असं कुणी विचारलं की वैनी म्हणायच्या, "देवानं काय तुला विचारून पाय घ्यायचे?"

सप्त्यात बुवा कीर्तनाला उभे राहण्याआधी वैनी तो दगड ओल्या गोपीचंदनात टेकवून त्यांच्या दंडावर उमटवायच्या. पण सरसकट नाही. ज्याच्या कीर्तनानं आदल्या वर्षी त्यांचे डोळे भरून आले, त्यालाच यंदा मुद्रा. नायगावचे एक बुवा तर बाही वर करूनच मंडपात शिरायचे. वैनी हसून म्हणायच्या, "बुवा, झाकून घ्या, थंडी हाय."

हा दगड आला कुठून? आमचा पूर्वज चंद्रप्पा इंग्रजांच्या फौजेबरोबर खेचरं हाकत चीनला गेला होता. तिथल्या राजानं खूश होऊन दिला, असं घरात सांगत आले.

वैनीची नात ऋतुजा लंडनला शिकायला गेली. सप्ता सुरू होता आणि दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. "आज्जी, आपला नागोबा इथं म्युझियममधी काचेत बसलाय!"

बघतो तर खरंच. तोच हिरवटपणा, तेच पायांचं जनावर. शेजारची पाटी ऋतुजानं वाचून सांगितली. इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी चीनच्या बादशहाचा महाल लुटला, जाळला. त्यातल्या मोहरा राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात प्रदर्शनात मांडल्या, लोकांनी तिकीट काढून बघितल्या, मग बड्या लोकांच्या कपाटात गेल्या.

"मोहर म्हंजी?"

"बादशहाचा शिक्का, आज्जी. आपलाबी तसाच दिसतोय. राजानं दिला न्हाई गं. लुटीतला असणार."

वैनी म्हणाल्या, "तिथल्याला फूल-पाणी कोण करतं?"

"कुणी न्हाई. काच पुसतात."

कॉल संपल्यावर मी समजूत घातली. "वैनी, चंद्रप्पानं थोडंच लुटलं? गाडीतून पडलं असंल, उचललं त्यानं."

"मग हाक मारली का त्यानं, कुणाचं हाय म्हणून?"

आता तुम्हाला आपल्या मंडपाची रीत ठाऊक आहे. सापडलेली वस्तू कीर्तनाआधी माइकवर पुकारायची. पुकारणारा मीच. वैनीनं दगड माझ्यापुढं धरला. "वैजनाथ भावजी, उद्या हे पुकारा."

"चीनचा बादशहा आपल्या जळकोटला येऊन राहिला का ऐकायला?"

"ते त्याचं तो बघंल. आपण पुकारायचं."

"आन् दिऊन टाकल्यावर बुवाच्या दंडावर काय उमटवणार?"

वैनीचा अंगठा त्या जनावराच्या पाठीवरून फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी माइक हातात घेतला. "एक जोडवं सापडलंय. एक चष्मा सापडलाय. आणि चीनच्या बादशहाची मोहर सापडलीय. ज्याची असंल त्यानं ओळख पटवून घेऊन जावी." मंडप खदखदून हसला. वैनी हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघून हसणं आपोआप विरलं.

त्याचा व्हिडिओ ऋतुजानं जाणत्या माणसांकडं धाडला. तुरी काढणीला आल्या तेव्हा दिल्लीच्या चिनी वकिलातीतल्या एक बाई आल्या, सोबत दुभाषी मुलगी. बाईंनी दगड दोन्ही हातांत घेऊन उलटा केला, अक्षरं वाचली. दुभाषी म्हणाली, "बादशहाला एखादं चित्र मनापासून आवडलं, की त्यावर ही मोहर उमटवत."

वैनीचा चेहरा उजळला. "म्हंजी हितंबी त्यानं तेच काम केलं की वो!"

ते समजल्यावर बाई हसल्या, मग डोळे पुसले, आणि हळूच बाही वर केली. वैनीनं गोपीचंदन कालवलं. ती शेवटची मुद्रा.

मग दगड धुतला, हळद-कुंकू वाहिलं, लेकीची पाठवणी करावी तसा बाईंच्या हाती दिला. "घरी गेल्यावर ह्याला काचेत एकटं ठिवू नका म्हणावं. अधूनमधून हातात घ्या."

त्या सप्त्यानंतर बुवांचे दंड कोरेच राहिले. यंदा तर वैनीही नाहीत. बाळकृष्णाशेजारची ती जागा अजून कुणी भरलेली नाही. सून रोज तिथंही एक फूल ठेवते.

तर मायबाप, मागणं एवढंच. आता बुवा उभे राहायच्या आधी मी सापडलेल्या वस्तू पुकारीन. कुणाची चावी असंल, कुणाच्या लेकराचं पैंजण असंल. ते ऐकताना आमच्या केवळावैनीची आठवण काढा.