लॉनच्या जागी गोटे

आमच्या रुचिरला लहानपणापासून एक खोड आहे. दुसऱ्याचं भलं करायला निघाला, की त्या दुसऱ्याला विचारायचं म्हणून नाही. सिंगापुरातल्या पासिर रिसच्या आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, कमिटीवर निवडून आला आणि मग काय, माकडाच्या हाती कोलीत! पोटच्या पोराबद्दल असं बोलू नये, कळतं मला. पण सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही.

झालं असं, की आमच्या इमारतीमागे भलंमोठं लॉन होतं. जरा चार दिवस पाऊस नाही पडला, की ते पिवळं पडायचं, आणि मग सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर पाण्याचे फवारे. असं पाणी पिणारं लॉन काढून कमी पाण्यावर जगणारी बाग केली, तर खर्चाचा बराच भाग परत मिळेल अशी एक योजना आली होती. रुचिरने ती कमिटीच्या गळी उतरवली. मी म्हटलं, "अरे, इथे एक दिवसाआड धो धो कोसळतो, आणि तू पाणी वाचवायला निघालास?"

"आई, कोसळतो, पण साठवायला जागा कुठे आहे? तू नळ सोडून भांडी घासतेस ना, त्यातला थेंबन् थेंब कुणीतरी खपून आणलेला असतो."

बरोबरच होतं त्याचं. त्याचं नेहमी बरोबरच असतं, तीच तर पंचाईत आहे.

प्रश्न होता तो यांचा, म्हणजे रुचिरच्या बाबांचा. हे रोज उजाडताच त्या लॉनवर अनवाणी फेऱ्या मारायचे. साखरेने नजर अधू झालेली, आणि दवातून अनवाणी चाललं की डोळे सुधारतात, हे यांच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. दव कसलं, फवाऱ्याचं पाणी ते! पण वर आले की रोज तेच, "आहाहा, सुरेखा, तळव्यांना काय गार वाटतं म्हणून सांगू!" दवाखान्यातल्या नर्सने एकदा बजावलं होतं, की साखर असलेल्या माणसाने घरातसुद्धा चपला घालायच्या. "घरात चपला? देवासमोर?" असं म्हणून यांनी तो विषय तिथेच मिटवला. आणि आम्हालाही ते पटलं, हो! आमच्याकडे चपला दाराबाहेर राहतात. सिंगापूरला आलो म्हणून काय चपला घालून आरती करायची?

लॉन उकरणार म्हटल्यावर यांचं जेवणावरून लक्षच उडालं. "मग मी फिरू कुठे?" एवढंच विचारत राहायचे. शेवटी रुचिरने तोड काढली. लॉनच्या जागी रेती, निवडुंगासारखी झाडं, आणि मधोमध गोट्यांची पायवाट. सिमेंटमध्ये उभे रोवलेले गुळगुळीत गोटे, तळवे दाबून घ्यायला. इथे जागोजागच्या बागांमधून असतात तशी.

"बाबा, खास तुमच्यासाठी मंजूर करून घेतली," रुचिर म्हणाला. "गवतापेक्षा कितीतरी चांगली. रक्ताभिसरण सुधारतं."

हे खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू?

वाट तयार झाली त्या रविवारी सगळी मंडळी चपला काढून हौसेने उतरली आणि पाच-सहा पावलांतच आई गं, आई गं करत नाचायला लागली. आमची नात जाई तर दुसऱ्याच पावलाला बाहेर. "सो पेनफुल ला, आजी!" मी एक पाय ठेवला आणि मस्तकात कळ गेली. आणि हे? हे आपले सतरंजीवरून चालावं तसे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्या मजल्यावरच्या लिम अंकलनी टाळ्या वाजवल्या. "वा, मिस्टर मनोहर! आयर्न फूट!"

"अजिबात टोचत नाही!" हे छाती फुगवून म्हणाले. "आयुष्यभर अनवाणी चाललोय. पाय तयार आहेत माझे."

आता बघा. मुलगा वन-नॉर्थला मोठमोठ्या संशोधकांत बसतो, सून बँकेत मॅनेजर, आणि मी म्हणजे यांच्या औषधांची वेळ झोपेतही न चुकवणारी. पण आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही, की का नाही टोचत? सगळ्यांना टोचतं, मग याच माणसाला का नाही? उलट रुचिरने यांचा फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकला. हे फेऱ्या वाढवत गेले.

दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला मी यांना तेल लावते, लग्न झाल्यापासूनचा रिवाज आहे. पाठ झाली, दंड झाले, पायांशी आले तर हे पाय आखडून घ्यायला लागले. "राहू दे गं, पाय नको."

"गप बसा, सणाचा दिवस आहे," मी म्हटलं आणि डावा पाय मांडीवर ओढला.

अंगठ्याखाली काळं दिसलं. वाटलं, मळ आहे. तेलाच्या बोटाने चोळायला गेले, आणि माझं बोट आत गेलं. आत काहीतरी टणक लागलं. रेतीतला खडा होता तो, कोण जाणे कधीपासून रुतून बसलेला.

आणि हे वरून म्हणतात, "झालं का? आता उटणं लाव."

पुढे काय झालं ते सांगायला नको वाटतं. सडणं हाडापर्यंत पोचलं होतं. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, पण डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर यांनी चादरीवरून हात फिरवला, आणि जिथे काही नव्हतं तिथे हात टेकला, तेव्हा माझा तोल सुटला. यांच्या देखतच मी रुचिरवर तुटून पडले.

"आग लागो तुझ्या त्या योजनेला! गवत होतं तोवर धडधाकट होता माझा माणूस! पाणी वाचवलंस, आता बस पीत!"

रुचिर मान खाली घालून उभा.

"त्याला बोलू नकोस," हे क्षीण आवाजात म्हणाले. "गवतावरही मला काही कळत नव्हतं."

"म्हणजे?"

"कित्येक वर्षं झाली. ओलं आहे की कोरडं, ते मी बघून सांगायचो."

"आणि रोज वर येऊन काय गार, काय गार म्हणत होतात, ते?"

"खरं सांगितलं असतं, तर खाली जाऊ दिलं असतंत मला?" यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुम्ही सगळे घराबाहेर, तू टीव्हीसमोर. इथे मला दुसरं होतं काय?"

मला इतका राग आला, की त्या फाटक्या देहाला गदागदा हलवावंसं वाटलं. मग रडूच आलं.

घरी आल्यावर रुचिर म्हणाला, ती वाट उखडून टाकतो. कमिटीने सांगितलं, योजनेचे पैसे आपण घेतलेत, आता काही वर्षं बागेत बदल करता येणार नाही. त्याने राजीनामा दिला. वाट आहे तिथेच आहे आणि लोक नाचत नाचत तिच्यावरून चालतात.

आता सगळा जीव अडकलाय तो यांच्या उजव्या पायात. डॉक्टर म्हणाले, या पायात जाणीव शिल्लक असेल तर नकली पाय लावून चालायला शिकवू. नसेल तर सगळा भार याच्यावर येईल आणि हाही जाईल, मग खुर्चीच बरी. तपासायला एक दांडी दिली, टोकाला नायलॉनचा ताठ दोरा लावलेला. रुग्णाने डोळे मिटायचे, आपण तळव्याला दोरा टेकवायचा, लागलं की त्याने "हो" म्हणायचं. घरी सराव करा म्हणाले, पुढच्या खेपेला आम्ही करू.

आज सकाळी बसलो. रुचिर ऑफिसला न जाता दारात उभा होता. यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हं, कर सुरू."

मी अंगठ्याला दोरा टेकवला.

"हो."

टाचेला टेकवला.

"हो. चांगलं लागतंय की!"

रुचिरचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं. मला भरून आलं, समोरचं दिसेना. दांडी मांडीवर ठेवून मी पदराने डोळे पुसायला लागले.

"हो," हे म्हणाले. मिटल्या डोळ्यांनी, अगदी उत्साहाने. "हो, आत्ताही लागलं."