बोटीचा हिरवा पट्टा

शहरातल्या गॅरेजात गाड्या रंगवता रंगवता नंदूचे केस पिकले, पण डोकं थंड होईल तर शपथ! आज सकाळी तो त्याच्याच खोलीत राहणाऱ्या इम्रानवर खेकसला होता. गॅरेजातलाच, गाड्यांचे पोचे काढणारा डेंटर तो, अंगात सणसणून ताप. "मला लागेल तुझा ताप. जा, गोदामात झोप," म्हणून नंदूने त्याची गादीच बाहेर काढली.

दुपारी गावाहून धाकट्या भावाचा, प्रसादचा व्हिडिओ कॉल आला. घराला रंग द्यायला काढला होता. पांढऱ्या भिंतींवरचा हिरवा पट्टा जाऊन सगळं घर बदामी होणार होतं.

"पट्ट्याला हात लावलास तर याद राख!" नंदू ओरडला. "आजोबांचा आहे तो!"

आजोबा बोटीवर खलाशी. साहेबलोकांची नाचगाण्याची, हौसेची बोट, पण लढाई लागली आणि तिचं इस्पितळ झालं. नाचाच्या दालनात खाटा लागल्या. बाहेरून पांढरा रंग, हिरवा पट्टा आणि लाल क्रूस. आत जखमी आहेत, मारू नका, हे शत्रूला लांबून कळावं म्हणून. तो पट्टा आजोबांनी दोराला लोंबकळत मारला होता. गावी परतल्यावर त्यांनी घरालाही तसाच मारला. मग काय, वाडीतला जो तो आजारी माणूस यांच्या ओटीवर! आजी करवादायची, पण प्रत्येकाला पेज द्यायची. छोटा नंदू त्या कण्हणाऱ्या माणसांच्या मधोमध झोपायचा. काय दिवस होते ते! पेजेचा वास आठवला तरी त्याला अजून भरून येई.

"पट्टा होता म्हणून आपलं घर भरलेलं असायचं रे," नंदू म्हणाला.

"दादा, पट्टा बघून कोण येत होतं?" प्रसाद म्हणाला. "हाक आली की आजोबा उठून दार उघडायचे, म्हणून लोक यायचे."

नंदूने फोन ठेवला.

गोदामात टायरांच्या आडोशाला इम्रान कुडकुडत पडला होता. नंदूने त्याला उठवलं, गादीची वळकटी खांद्यावर टाकली. "चल. चूक झाली माझी." खोलीवर आणून त्याला आपल्याच खाटेवर निजवलं आणि पेजेला तांदूळ धुतले.

पेज उकळू लागली तेव्हा त्याने प्रसादला फोन लावला.

"मार तुझा बदामी," तो म्हणाला. "ओटीला तेवढं कुलूप लावू नकोस."