हॉलचा एसी कागदावर नव्हता

विजेचं बिल हातात पडलं की घरात चोर शोधायला निघणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. फार लांब जायला नको, आरशात पाहिलं तरी चालेल. असेच एक गृहस्थ होते. कचेरीत अंदाजपत्रकं करायचे, म्हणून सहकारी त्यांना अंदाजराव म्हणत. हे नाव कौतुकाने ठेवलंय, अशी त्यांची समजूत होती.

उन्हाळ्याचं बिल नेहमीच्या तिप्पट आलं. अंदाजरावांनी कपाळाला आठ्या घालून कागद घेतला आणि थेट वडिलांच्या खोलीतल्या एसीचा हिशोब मांडला. खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबा दोन महिने अंथरुणावर होते. घामाने पाठ सोलवटली होती, खोली गार ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंदाजरावांनी एसीवर छापलेला आकडा उचलला, त्याला चोवीस तासांनी गुणलं, तीस दिवसांनी गुणलं आणि खुनाचा पुरावा सापडावा तसा तो कागद बायकोपुढे ठेवला. हॉलच्या एसीचा त्यात उल्लेखही नव्हता. तो काय, पाहुण्यांपुरता लागतो! पाहुणे नसताना त्याच्याखाली सोफ्यावर पाय पसरून कोण लोळतं, हे साहेबांनी मोजलं नाही. मोजतील कशाला?

बाबांचा एसी दुपारचे चार तासच लावते, तोही सव्वीसवर, असं बायकोने सांगून पाहिलं. पण कागदावर गुणाकार झालेला असताना बायकोचं कोण ऐकतो? अंदाजरावांनी बाबांचा रिमोट कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. वर, उन्हाळाभर बाबांना ताईकडे पाठवू, असंही सुचवलं. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्याला तिथे चौघांनी खुर्चीत घालून उचलून न्यावं लागेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांच्या पाठीला फोड आले. बायकोने अंदाजरावांना खोलीत बोलावून पाठ दाखवली. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायला लागले.

बाबांची सगळी नोकरी घरोघरी मीटर वाचण्यात गेली होती. त्यांनी मुलाला पुरतं बोलू दिलं.

"हे तू मीटरवर पाहिलंस?"

"पाहायचं काय त्यात? अंदाज आहे, बाबा."

"घराला कुलूप असलं तरच आम्ही अंदाजाने बिल लावायचो, तेही शेरा मारून. इथे माणूस घरात पडलाय. जा, रीडिंग घे. तूच घे, माझ्यावर तुझा विश्वास बसायचा नाही."

फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं. कपाटातला रिमोट साहेबांनी तासापुरता बाहेर काढला आणि एक तास फक्त बाबांचा एसी चालला, सव्वीसवर; मग रिमोट पुन्हा कपाटात. दुसरा तास फक्त हॉलचा, साहेबांच्या नेहमीच्या थाटात: अठरावर, आणि गॅलरीचं दार उघडं, कारण त्यांना गारवाही हवा आणि मोकळी हवाही. प्रत्येक वेळी साहेब जिन्याखालच्या मीटरपाशी घाम पुसत उभे. बाबांच्या तासाला अर्धं युनिट. हॉलच्या तासाला जवळजवळ दोन! आणि हा दुसरा एसी कचेरीतून आल्यापासून ते सकाळी उठेपर्यंत चालायचा, सुट्टीला तर दिवसभर. आकडेमोडीच्या या महापंडिताचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं होतं.

अंदाजराव वर आले आणि कागद उलटा करून त्यांनी दोन्ही रीडिंग लिहिली. मग कपाट उघडून रिमोट बाबांच्या हातात दिला.

"चोर मीच होतो, बाबा," ते म्हणाले. "आणि कुलूप तुमच्या खोलीला लावलं."

बाबांनी रिमोट सुनेपुढे धरला. तिने एसी लावला. अंदाजरावांनी पहिल्यांदाच बापाच्या पाठीला स्वतःच्या हाताने मलम लावलं.

वाचकहो, हसू नका. आपण वापरतो ती गरज आणि दुसरा वापरतो ती उधळपट्टी, हा हिशोब आपल्याही घरात रोज होतो, आणि त्यात नेहमी उत्तर देऊ न शकणारा माणूस सापडतो. खर्च जरूर मोजा. पण मीटरवर मोजा, आणि सुरुवात स्वतःच्या खोलीपासून करा.

पुढचं बिल निम्म्याहून कमी आलं. बाबांची पाठ भरून यायला मात्र पाच आठवडे लागले.