अकराव्या सेकंदाची टिक

मी हेडफोन बोलतोय. एरवी मी स्वतःचं असं काही बोलत नाही. वायरीतून येईल ते कानात सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं माझं काम. आज मात्र माझंच सांगणार आहे. मध्येच थोडा चिडलो तर सांभाळून घ्या, स्वभावच तसा आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे चष्मा कपाळावर चढवून बसणाऱ्या एक बाई होत्या. डाव्या कानाला शोभेल असा उजवा कान शोधायचा, एवढंच त्यांचं काम. दोन्ही सारखे आहेत असं यंत्र सांगायचं, तरी बाई स्वतः ऐकायच्या आणि मान हलवून एक बाजूला सारायच्या. माझ्या डाव्यासाठी त्यांनी सतरा उजवे नाकारले. अठरावा लावल्यावर म्हणाल्या, "हं, हे दोघं भांडणार नाहीत." खरंच, आजपर्यंत आमच्यात शब्दाला शब्द लागलेला नाही.

माझ्यात दोन खोडी आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. एक म्हणजे माझ्या पाठीला जाळी आहे, त्यामुळे पोटात काही राहत नाही. कानात सांगितलेलं शेजारच्यालाही थोडं ऐकू जातं. दुसरी म्हणजे माझ्या आतला पडदा आडमुठा आहे. त्याला हलवायला जोर लागतो. जोर मिळाला तर मी मुंगीचं पाऊलही ऐकवीन. नाही मिळाला तर मी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि लोक मला नावं ठेवतात.

दुकानात मी काचेच्या कपाटात सात महिने काढले. तिथे माणसं चांगली ओळखीची झाली. येणारा प्रत्येक जण मला डोक्यावर चढवायचा, डोळे मिटायचा, मान डोलवायचा आणि मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलायचा. आपण ओरडतोय हे एकालाही कळायचं नाही. "वा, काय आवाज आहे," म्हणायचे आणि जाताना दारापाशी टांगलेले स्वस्तातले घेऊन जायचे. मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, थोडं रडूही यायचं.

एका शनिवारी एक बाप आणि त्याची मुलगी आली. मुलगी शाळेत गणित शिकवायची. तिच्या हातात एक वही होती आणि वहीत हेडफोनांची नावं, त्यांचे आलेख, कोणाला किती जोर लागतो याचे तक्ते. तीन आठवडे ती हेच करत होती. घरच्या कॉम्प्युटरमध्ये तिने नवं साउंड कार्ड बसवलं होतं. साउंड कार्ड म्हणजे आमचा स्वयंपाकी. तो वाढेल ते आम्ही कानापर्यंत पोचवायचं. तेव्हा त्याचं आणि आमचं जमलं पाहिजे, हे तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

"चप्पल घेतानासुद्धा एवढं बघत नाहीस," बाप म्हणाला.

"चप्पल चुकली तर पाय दुखतो, बाबा. हे चुकलं तर तुमचं काम चुकेल."

ते काम काय, हे पुढे कळलं. दुकानदाराने मला आणि आणखी तिघांना टेबलावर मांडलं आणि विचारलं, "काका, कोणतं गाणं लावू?"

"गाणं नको," काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "हा पंप लावा."

दुकानदाराला वाटलं, थट्टा करतायत. पण काका गंभीर होते. चौतीस वर्षं ते एका गिरणीत फिटर होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि आतलं कोणतं बेअरिंग किती दिवसांत जाणार ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. गिरणीत त्यांना कानवाले काका म्हणायचे. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी दगा दिला आणि गिरणीचे जिने बंद झाले. मग तिथला फोरमन मशीनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागला आणि काका घरी बसून निदान करू लागले. पण कॉम्प्युटरच्या डबड्या स्पीकरवर त्यांना बारीक आवाज सापडत नव्हते.

पहिल्या हेडफोनात पंप ढोल बडवल्यासारखा वाजला. काकांनी तो लगेच काढला. दुसऱ्याबद्दल म्हणाले, "हा गोडबोल्या आहे. बिघाड झाकून ठेवतो." तिसरा कान दाबत होता. मग माझी पाळी आली. दुकानातलं यंत्र दणकट होतं, मला हवा तेवढा जोर मिळाला. पंपात जे जे होतं ते मी जसंच्या तसं सांगितलं. काकांनी बोट वर केलं.

"अकराव्या सेकंदाला टिक आहे. बेअरिंगच्या गोळ्या धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याला तडा गेलाय. मागच्या वर्षी ते बदललं, त्याआधीचं हे रेकॉर्डिंग. तेव्हा मी मशीनला हात लावून ओळखलं होतं. कानाने आज ऐकतोय."

"मलाही ऐकू आली," मुलगी म्हणाली. जाळीतून आवाज तिच्यापर्यंत गेला होता.

दुकानदाराने बजावलं, "ताई, हा जोर मागतो बरं." मुलीने वही पुढे केली. तिच्या कार्डात हेडफोनसाठी वेगळी जागा होती आणि तिथे भरपूर जोर होता. अशा रीतीने मी एकदाचा कपाटाबाहेर पडलो.

घरी मुलीने टेबलाला माझ्यासाठी खुंटी ठोकली. तेवढ्यात तिला शाळेतून फोन आला. ती बोलत बाहेर गेली तोवर काकांनी वाकून, हातात टॉर्च धरून, माझी पिन कॉम्प्युटरच्या मागे स्वतः लावली. आणि इथेच माशी शिंकली.

काकांनी पंप लावला. मी बोलायला तोंड उघडलं तर अंगात त्राणच नाही. जेमतेम कुजबुज निघाली. काकांनी आवाज वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला. पंप कुठेतरी दूर, गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजत होता. अकरावा सेकंद आला आणि गेला. टिक नव्हती. काकांनी पुन्हा लावलं. पाच वेळा ऐकलं. मग मला उतरवून खुंटीला अडकवलं आणि मुलीने "कसा आहे?" विचारल्यावर "चांगला आहे" म्हणाले.

ते खोटं बोलले हे फक्त मला ठाऊक होतं. त्यांना वाटलं, दुकानात आपल्याला टिक ऐकू आली ती आधीच माहीत होती म्हणून. खरं म्हणजे आपले कान गेले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, मी उपाशी आहे. पण पदरचं काही बोलता येत नाही ना मला.

सोमवारी दुपारी फोरमनचा फोन आला. गिरणीतला मोठा पंखा विचित्र आवाज करत होता. तो थांबवून ठेवला होता, पण साहेबांना पाच वाजता दुसऱ्या पाळीत चालवायचा होता. फोरमनने रेकॉर्डिंग पाठवलं. काकांनी मला चढवलं आणि डोळे मिटले. चार वेळा ऐकलं. माझी कुजबुज त्यांच्यापर्यंत धड पोचेना.

"मला काही कळत नाही रे," ते फोनवर म्हणाले. "माझे कान गेले. माझ्यावर राहू नका."

"काका, तुम्ही नको म्हणालात तरच साहेब थांबतील. त्या पंख्यापाशी सहा माणसं उभी असतात. मला मीटरवर भरवसा नाही, तुमच्यावर आहे. पाचपर्यंत वाट बघतो."

काकांनी फोन ठेवला. मला पुसलं, पिन काढून वायरीची घडी घातली, खोक्यात ठेवलं आणि खोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. माझ्यावर त्यांचा हात होता. मला जन्मात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

साडेतीनला मुलगी शाळेतून आली.

"हा परत देऊन ये," काका म्हणाले. "त्याचा दोष नाही. माझाच आहे. मी फोरमनला सांगून टाकलंय. आता दुसरा माणूस बघतील."

मुलीने पुष्कळ विचारलं, काका नुसतं खोकं पुढे करत राहिले. ती वैतागून आत गेली आणि तिने कपडे धुण्याचं मशीन लावलं. माणसं चिडली की घरकाम काढतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. मशीन घरघरू लागलं. काका बसल्या जागेवरून म्हणाले, "त्याच्या मागच्या बेअरिंगात पाणी शिरतंय. कुरकुर ऐक."

मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"कान गेलेल्या माणसाला दोन खोल्या पलीकडची कुरकुर ऐकू येते का हो, बाबा?"

काकांनी खोकं बाजूला ठेवलं. मग उठले. कपाटाच्या तळातून त्यांचा जुना लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, धुण्याच्या मशीनला टेकवला आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. कामावरचा चेहरा होता तो.

"कान शाबूत आहेत. मग दोष लाइनीत आहे," ते म्हणाले. "मशीन बिघडलं की आधी लाइन तपासायची, मग मशीन. मी नव्या पोरांना हेच शिकवलं आणि स्वतः विसरलो."

मला खोक्यातून बाहेर काढलं. माझ्या मानेपासून पिनेपर्यंत सगळी वायर दोन बोटांतून सरकवत तपासली. मग ते टेबलाखाली पोचले आणि गुडघ्याला हात लावत खाली बसले. मुलगी शेजारी बसली. शनिवारी पिन कुठे लावली होती ते त्यांनी टॉर्चच्या उजेडात दाखवलं.

"बाबा, हे तर स्पीकरचं भोक आहे."

"हिरवं आहे की."

"हिरवं आहे म्हणून लावलं?"

"मग? शेजारच्याला लाल कडं आहे. लाल खूण दिसली की हात लावायचा नाही. चौतीस वर्षांत कधी लावला नाही."

गिरणीचा नियमच तो. बंद ठेवलेल्या मशीनला लाल पाटी, चालू करायच्या मशीनला हिरवी. लाल पाटीला हात लावणारा माणूस तिथे दुसऱ्या दिवशी कामावर नसे. माझी जेवणाची जागा नेमकी त्या लाल कड्यात होती.

मुलगी आधी हसली, मग कपाळावर हात मारून घेतला. "तीन आठवडे वही भरली आणि भोक बघितलं नाही. माझी चूक आहे, बाबा." काका म्हणाले, "चूक अर्धी अर्धी घेऊ. किती वाजले?"

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मुलगी पिन लाल कड्यात घालणार एवढ्यात काकांनी तिचा हात धरला. "आधी आवाज उतरव. शेवटापर्यंत चढवून ठेवलाय मी." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलं. तसाच सुरू झालो असतो तर त्यांच्या कानांचं खरंच काही खरं नव्हतं.

पिन लाल कड्यात गेली. माझ्या अंगात जोर आला. काय सांगू, सात महिने कपाटात आणि दोन दिवस उपाशी, त्यानंतरचं ते भरलं ताट. मुलीने आधी पंपच लावला. अकरावा सेकंद आला. काकांनी बोट वर केलं, आणि त्याच क्षणी मुलीनेही केलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. काकांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मग पंखा. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि फोन उचलला. "चालवू नका. दाराकडचं बेअरिंग आहे, पिंजरा तुटलाय. गोळ्या मोकळ्या फिरतायत. साहेबांना म्हणावं, कानवाल्याने सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी फोरमनने फोटो पाठवला. एका फडक्यावर पिंजऱ्याचे तीन तुकडे ठेवलेले होते. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं की सहाही जण तुम्हाला नमस्कार सांगतात.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. माझ्या गाद्या चपट्या झाल्यात, डोक्यावरच्या पट्टीची शिवण मुलीने दोनदा घातली. त्या लाल कड्यावर काकांनी हिरवा ऑइलपेंट लावून टाकलाय. दोन नव्या फिटर मुली शनिवारी घरी येतात, मला आळीपाळीने चढवतात आणि काका त्यांना विचारतात, "कितव्या सेकंदाला?" मला जुळवणाऱ्या बाई ते बघायला हव्या होत्या.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. नीट ऐकू आलं नाही तर लगेच स्वतःला म्हातारं ठरवू नका, आणि दुसऱ्याला तर नकोच नको. आधी वायर बघा.

आणखी एक सांगायचं राहिलं. काका कधी गाणी ऐकत नसत. कान कामासाठी राखून ठेवायचे, असं म्हणायचे. फोटो आला त्या दिवशी मुलीने हट्टाने त्यांना एक गाणं ऐकवलं. चार जण वाजवत होते. काका मशीनवर ठेवावा तसा टेबलावर पालथा हात ठेवून ऐकत होते. संपल्यावर तिने विचारलं, "कसं वाटलं?"

"तिसरा जरा मागे पडत होता," काका म्हणाले. "पण बाकीचे त्याच्यासाठी थांबत होते. मशीन असं कधी करत नाही."

मग त्यांनी मला कानांवर नीट बसवलं आणि म्हणाले, "परत लाव."