सासूबाई चालवतात तेव्हाच

लॉन्ड्रीवाल्या बाईंना ते पहिल्यांदा सांगितलं एका स्कूटरवाल्या मुलीने. सिग्नलला शेजारी येऊन तिने काचेवर टकटक केलं आणि म्हणाली, "मावशी, तुमचे ब्रेक लाइट लागत नाहीत हं. मी आत्ता तुमच्या गाडीत घुसणारच होते."

बाई चरकल्या. नवरा गेल्यावर त्या हट्टाने पिकअप चालवायला शिकल्या होत्या. तेव्हापासून हॉस्पिटलच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल त्याच पोहोचवत. अंगाने ठेंगण्या असल्यामुळे सीट पार पुढे ओढून, पाठीशी उशी लावून, स्टिअरिंगला जवळजवळ मिठी मारून त्या बसायच्या. पण गाडी हातात फुलासारखी चालायची.

घरी येऊन त्यांनी जावयाच्या कानावर घातलं. लेक आणि जावई नुकतेच लॉन्ड्रीच्या वरच्या खोल्यांत राहायला आले होते. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. शांत माणूस, आणि उंच इतका की जिन्यातून उतरताना मान तिरकी करावी लागे. बाई त्याला अजून 'अहो जावईबापू' म्हणत आणि प्यालेल्या चहाचा कपसुद्धा उचलू देत नसत.

"मी दाखवून आणतो," म्हणत त्याने गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाल्याने त्याला पेडल दाबायला लावलं. मागचे दोन्ही दिवे लालभडक. तरी खात्री म्हणून बल्ब नवे टाकले.

आठवडा संपायच्या आत एका टेम्पोवाल्याने बाईंना भर रस्त्यात ओरडून तेच सुनावलं. गाडी पुन्हा गॅरेजला. या वेळी फ्यूज तपासला, पेडलजवळचा स्विच बदलला. जावयाने ब्रेक दाबला, दिवे लागले.

"गाडी ठणठणीत आहे," गॅरेजवाला म्हणाला. "चालवतं कोण?"

"सासूबाई."

"मग त्या पेडल नीट दाबतात ना?" असं म्हणून तो हसला. जावई हसला नाही.

लेकीने मात्र हे ऐकलं आणि जेवताना विषय काढलाच. "आई, बास झालं आता. आपण ड्रायव्हर ठेवू. उद्या काही झालं तर?"

 जेवण उरकून बाई टॉवेलांच्या घड्या घालायला बसल्या. एरवी डोळे मिटूनही त्यांच्या घड्या चोख व्हायच्या. त्या दिवशी टोकाला टोक काही जुळेना. लांबून जावई ते बघत होता. तो बायकोला म्हणाला, "दोन अनोळखी माणसं उगाच सांगतील का? काहीतरी आहे खरं."

सकाळी त्याने दुकानात उशिरा येतो म्हणून फोन केला आणि स्कूटर काढली. "आई, तुम्ही नेहमीसारख्या जा. मी मागून येतो."

"अहो, काम सोडून कशाला त्रास?" बाई म्हणाल्या, पण त्यांना बरं वाटलं.

हॉस्पिटलपर्यंत बाई जिथे जिथे थांबल्या, तिथे मागचे दिवे बंदच. एकदाही लाल ठिपका दिसला नाही. मागच्या आवारात चादरी उतरवून झाल्यावर त्याने बाईंना पुन्हा सीटवर बसवलं.

"दाबा ब्रेक."

"दाबला."

"आता?"

"दाबलाय हो! आता पाय पलीकडे जाईल माझा!"

दिवे ढिम्म. मग त्याने बाईंना मागे उभं केलं, सीट पार मागे सरकवली, आपले पाय कसेबसे आत घेतले आणि ब्रेक दाबला.

"अगबाई, लागले की!" बाई ओरडल्या आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "घ्या. गाडीसुद्धा जावयाचाच मान राखते."

जावयाला हसू फुटलं, पण डोकं चालू होतं. दुकानात तो दिवसभर गिऱ्हाइकांपुढे एकेक काच धरून 'आता बरं दिसतं का?' विचारत असे. एका वेळी एकच काच बदलायची, हे अंगवळणी पडलेलं. "आई, तुम्ही बसता आणि मी बसतो, यात फरक काय?"

"मी गोल, तुम्ही लांब," बाई फणकारल्या.

 मग ब्रेकवरचा पाय न काढता त्याने सीटचा दांडा उचलला आणि हळूहळू सीट पुढे आणू लागला. "आता?"

"आहेत."

"आता?" त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले.

"आहेत."

अजून चार बोटं पुढे. "आता?"

"गेले! अरे गेले! मागे घे, मागे घे! आले! तू सरकशील तसे येतात-जातात रे!" आणि बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगबाई, मी तुम्हाला अरे-तुरे केलं."

"करा की," आतून आवाज आला. "माझी इथे चादरीसारखी घडी झालीये. आता कसलं अहो-जाहो?"

त्याने खाली उतरून सीटखाली डोकं घातलं. बाईंनी धावत जाऊन आपली उशी त्याच्या कोपराखाली सरकवली. रबरी मॅट उचलताच सापडलं. मागच्या दिव्यांकडे जाणारी एक वायर सीट सरकायच्या पट्टीत चेमटली होती. वरचं आवरण घासून गेलेलं, आतली तांब्याची तार तुटलेली. सीट मागे असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, पुढे ओढली की सुटायची.

"म्हणजे मी बसले की तुटणार, आणि तू बसलास की जुळणार," बाई म्हणाल्या. "बरोबर?"

"अगदी बरोबर."

 पदराने बाईंनी जावयाच्या कपाळावरची धूळ पुसली.

स्कूटर मागे चढवून गाडी या वेळी जावयाने घरी आणली. चष्म्याच्या फ्रेम जोडायच्या आपल्या बारीक यंत्राने त्याने तार सोल्डर केली, टेप गुंडाळली आणि वायर पट्टीपासून दूर बांधून टाकली. टॉर्च बाईंनी धरला होता आणि सूचनाही त्याच देत होत्या. लेक खाली आली तेव्हा तिला गाडीच्या मागे उभं केलं. बाईंनी सीट पार पुढे ओढली आणि ब्रेक दाबला.

"लागलेत, आई." लेक खिडकीशी आली. "मी काल जे बोलले ना..."

"काळजीने बोललीस, कळतं मला. पण ड्रायव्हर नको. चल, टॉवेल उचल, हॉटेलवाले खोळंबलेत."

लेक शेजारी बसली. मागून जावई स्कूटरवर दुकानाला निघाला. गल्लीच्या तोंडाशी समोर कुणीच नव्हतं, तरी बाईंनी उगाच दोनदा ब्रेक दाबला. मागून स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजला.